खिडकीपासूनचे अंतर

पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्यामध्ये खुटबाव हे एक लहानसे स्थानक आहे. पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे न थांबता धडधडत निघून जातात. थांबतात त्या सावकाश चालीच्या गाड्या. नाटकाची किंवा गाण्याची ओढ असलेला या गावचा माणूस पुण्याला निघाला, की त्याला दोन तिकिटे लागत. एक आगगाडीचे आणि दुसरे प्रयोगाचे. पहिले त्याला गावातच, छापील दराने, कसलीही ओळखपाळख न लागता मिळे. दुसऱ्यासाठी मात्र आधी पहिले काढावे लागे आणि तेवढे करूनही ते मिळेलच याची खात्री नसे.

सप्टेंबर २०२४ पासून करमणुकीच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ते वाचत असताना आम्हांला या दुसऱ्या तिकिटाची वारंवार आठवण झाली. अधिकृत विक्रेता बरा की पुनर्विक्रीचा बाजार, हा वाद बहुधा किमतीचा म्हणून मांडला जातो. किंमत महत्त्वाची आहेच. परंतु खिडकीपासून कोण किती अंतरावर राहतो, हा प्रश्न तितकाच जुना आहे आणि मराठी करमणुकीचा इतिहास त्या बाजूने वाचला तर काही गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

'तिकीट' हा शब्द आता मराठीत इतका मुरला आहे की तो परका आहे हे सांगावे लागते. मराठी माणसाच्या हातात ही चिठ्ठी दोन वाटांनी आली आणि दोन्ही वाटांवर एकच साल कोरलेले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. त्याच १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकिटे लावून खेळ केले. त्याआधी दहा वर्षे, १८४३ मध्ये, सांगलीत 'सीता स्वयंवर' झाले तेव्हा तिकिटाचा प्रश्नच नव्हता. खर्च चिंतामणराव पटवर्धनांचा, आमंत्रण त्यांचे आणि कोणी कोठे बसायचे हा निर्णयही दरबाराच्या रीतीचा. चिंतामणराव १८५१ मध्ये वारले, आश्रय आटला आणि मंडळीला पोटासाठी गावोगाव हिंडणे भाग पडले. राजाने सोडलेली जागा तिकीट काढणाऱ्या अनोळखी प्रेक्षकाने घेतली. वाङ्मयेतिहासात आपण हा क्षण रंगभूमीच्या स्वातंत्र्याचा म्हणून शिकवतो. तो तसा होताच. पण त्याच क्षणी नाटकगृहातली जागा ही विकता येणारी वस्तू झाली, आणि जी वस्तू एकदा विकता येते ती दुसऱ्यांदाही विकता येते.

१८५८ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुण्याला पोहोचला आणि त्याच वर्षी भीमेच्या खोऱ्यातून पुढे दिकसाळपर्यंत गेला. खुटबावचे शिवार याच पट्ट्यातले. पुढच्या अर्धशतकात नाटक मंडळ्यांचे पडदे, पेट्या, आचारी आणि नट याच रुळांवरून सोलापूरकडे आणि तेथून पुढे गेले. लोहमार्ग नसता तर मराठी संगीत नाटकाचा एवढा विस्तार झाला असता काय, याविषयी आम्हांला शंका आहे.

रेल्वेने आपल्या तिकिटाची काळजी पहिल्यापासून घेतली, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यातच परतीच्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्याला विकणे गुन्हा ठरवलेले होते. १९८९ च्या कायद्याने त्याहून पुढे जाऊन, अधिकार नसताना तिकिटे मिळवून देण्याचा धंदा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. खुटबावच्या प्रवाशाच्या खिशातले एक तिकीट असे कायद्याने राखलेले आणि दुसऱ्याला वाली नाही. या विषमतेचे कारण सरळ आहे. आगगाडी सरकारची, विकणारा एकच. नाटक, गाणे, तमाशा यांना विकणारे अनेक आणि त्यांच्यातला खरा कोण, हे सांगणारी व्यवस्था फार उशिरा आणि तीही दुसऱ्याच हेतूने निर्माण झाली. तिकडे वळण्यापूर्वी ज्या करमणुकीला तिकीट लागतच नव्हते तिच्याकडे पाहिले पाहिजे, कारण खुटबावसारख्या गावाची मुख्य करमणूक तीच होती.

चैत्र-वैशाखात भीमथडीच्या मुलखात गावोगाव जत्रा भरतात. जत्रेला तमाशा हवाच. त्यासाठी घरटी वर्गणी गोळा होते आणि जत्रेचे पंच फड ठरवायला निघतात. पुणे जिल्ह्यात यासाठी जुन्नर तालुक्यातले नारायणगाव प्रसिद्ध आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक असतो, आत मॅनेजर वही उघडून बसलेला असतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे गाव म्हणून ते रसिकांना ठाऊक आहेच; पण व्यवहाराच्या इतिहासातही त्याची जागा मोठी आहे. तेथे घासाघीस होते, तिथी ठरते, सुपारी दिली जाते. ज्या तिथीला पुष्कळ गावांच्या जत्रा एकदम येतात त्या तिथीची सुपारी चढते. मागणी वाढली की दर वाढतो, हे सांगायला कोणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नारायणगावला कधी पडली नाही. मध्यस्थही असतात. पण हा सारा सौदा गाव आणि फड यांच्यात, एकदाच होतो. तो झाला की रात्री बोर्डासमोर जो येईल तो बसतो. आसपासच्या चार गावांचे लोक येतात, त्यांच्याकडून कोणी पै घेत नाही. येथे काळा बाजार संभवत नाही, कारण जागा सुटी विकलीच जात नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह आम्हांला होतो आणि तो आवरला पाहिजे. समोरची जागा मानकऱ्यांची आणि पाहुण्यांची, ही रीत फुकटच्या तमाशातही होती. बायकांना तर दीर्घ काळ कोणतीच जागा नव्हती. आणि ज्या महार, मांग, कोल्हाटी समाजांतून कलावंत आले, त्यांनी सुपारी घेऊन नाचावे पण गावात बरोबरीने बसू नये, हाही त्याच सौद्याचा न बोललेला भाग होता. विकत घेता येणाऱ्या तिकिटाने निदान कागदावर तरी जात विचारली नाही. तिकिटाच्या बाजूने एवढे म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे.

तेच फड जत्रांचा हंगाम सोडून एरवी कनात बांधून तिकिटावर खेळ करीत. कनातीच्या तमाशात अनधिकृत प्रवेशाची वाट एकच, ती म्हणजे कापडाखालून. तिच्यात पैशाचा व्यवहार नव्हता, फार तर पाठीत काठी बसे. आणखी एक तऱ्हा खुटबावच्या अगदी शेजारी, पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला पाहायला मिळते. तेथल्या कला केंद्रांतून संगीत बारीची बैठक होते. भूषण कोरगांवकरांच्या 'संगीत बारी' (२०१४) या पुस्तकामुळे हे जग नागर वाचकाच्याही परिचयाचे झाले. बैठकीतली दौलतजादा म्हणजे मोल आधी ठरवण्याऐवजी कला चालू असतानाच ते ठरवण्याची पद्धत. आवडलेल्या लावणीला पुन्हा पैसे, नावडलेलीला हात आखडता. पैसा देणारा आणि गाणारी समोरासमोर असतात. त्यातल्या पिळवणुकीचा इतिहास मोठा आहे, तो या लेखाचा विषय नाही; एवढेच लक्षात घ्यावे की सुपारी आणि दौलतजादा या दोन्ही पद्धतींत दिलेला पैसा कोणाकडे जातो हे देणाऱ्याला ठाऊक असते. तिकिटाने ही माहिती प्रथमच झाकली.

ती किती झाकली हे पाहायला परदेशातल्या दोन जुन्या हकिगती उपयोगी पडतात. १८५० मध्ये स्वीडनची गायिका जेनी लिंड अमेरिकेत आली तेव्हा तिचा व्यवस्थापक बार्नम याने पहिल्या कार्यक्रमाची तिकिटे चक्क लिलावाने विकली. पहिले तिकीट एका टोपीवाल्या व्यापाऱ्याने २२५ डॉलर्सना घेतले आणि त्या खरेदीच्या गाजावाजावर आपल्या टोप्या खपवल्या. सारे उघड्यावर, आणि चढा दर घेणारा स्वतः आयोजक. सतरा वर्षांनी, १८६७ च्या हिवाळ्यात, चार्ल्स डिकन्स तेथे आपल्या कादंबऱ्यांचे जाहीर वाचन करायला गेला. त्याने तिकिटाचा दर मर्यादित ठेवला होता. न्यूयॉर्कच्या थंडीत लोक रात्रभर रांगेत उभे राहिले आणि त्या रांगांत सट्टेबाजांची माणसे पेरलेली निघाली. तिकिटे त्यांच्या हाती गेली आणि कितीतरी पटींनी विकली गेली. लोकांनी दोष मात्र डिकन्सच्या व्यवस्थापकाला, डॉल्बीला, दिला. बार्नमने प्रेक्षकाची चढाओढ स्वतःच्या खिशात घातली. डिकन्सने ती वाचकांवर सोडून दिली आणि तिसऱ्याच कोणी ती उचलली. कलावंत किंवा आयोजक जेव्हा दर हेतुपुरस्सर कमी ठेवतो तेव्हा ती एक प्रकारची देणगी असते. काळा बाजार त्या देणगीवर जगतो.

आपल्याकडे या संदर्भात आठवतो तो ८ जुलै १९२१ चा 'संयुक्त मानापमान'. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे अधिपती, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकत्र उभे राहिले. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते. कोणी ते महाग म्हणून कुरकुर केल्याची आठवण रंगभूमीच्या इतिहासाने जपलेली नाही. त्याने जपली ती त्या रात्रीची जुगलबंदी, आणि पुढे तीनच महिन्यांत केशवराव गेले याची हळहळ. चढ्या दराला प्रेक्षकाचा आक्षेप असतोच असे नाही. पैसा कोठे जातो हे त्याला कळावे लागते. १९२१ च्या प्रेक्षकाला ते कळत होते. अर्थात त्या रात्री बालीवालात बसलेल्यांत भीमथडीतला शेतकरी किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर दोनच वर्षांनी सरकार या व्यवहारात उतरले. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याने प्रवेशमूल्यावर कर बसवला आणि त्याच्या वसुलीसाठी मुद्रांकित तिकीट आणले. करचुकवेगिरी रोखणे एवढाच त्यामागचा हेतू. पण अनवधानाने सरकारने प्रेक्षकाच्या हातात एक वस्तू दिली. ज्या तिकिटावर शिक्का ते खरे, नाही ते खोटे. 'अधिकृत' या विशेषणाला आपल्या करमणूक-व्यवहारात जो अर्थ आला तो बहुतांशी या शिक्क्यातून आला, असे आमचे मत आहे. जवळजवळ पंचाण्णव वर्षे हा कर या ना त्या रूपात चालला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला. तोवर कागदी तिकीटच मागे पडू लागलेले असल्यामुळे शिक्का गेल्याचे कोणाच्या फारसे लक्षातही आले नाही.

शिक्क्याने तिकीट खरे की खोटे हे ठरे. ते रास्त दरात कोणाला मिळेल, हे ठरवणारी वस्तू दुसरीच होती: खिडकी. पुण्यात २६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले आणि मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला एक देखणे घर मिळाले. नाटकाचा 'प्लॅन', म्हणजे आसनांचा तक्ता, खिडकीपलीकडे टेबलावर पसरलेला असे. विकल्या गेलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची फुली. ज्याची खिडकीतल्या माणसाशी ओळख त्याला पाचवी रांग, ज्याची नाही त्याला खांबामागची खुर्ची, हे सर्वांनी गृहीत धरलेले. सदाशिव पेठेतला प्रेक्षक सकाळी चक्कर टाकून तिकीट काढून येई आणि रात्री साडेनऊला पान खाऊन जाई. विक्री कधी सुरू होणार ही जाहिरात खुटबावच्या वाचकापर्यंत पोहोचेतो पहिल्या दहा रांगा गेलेल्या असत.

आमच्यापैकी एकाच्या आजोळची हकीकत येथे सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मामांना एका जुन्या संगीत नाटकाचा नव्या संचातला प्रयोग पाहायचा होता. उसाचे पाणी देऊन, दुपारची गाडी धरून ते पुण्याला उतरले आणि नाटकगृहावर पोहोचले तो 'हाऊसफुल्ल'चा फलक. बाहेर पानाच्या टपरीजवळ एक मुलगा दीडपटीने दोन तिकिटे देत होता. मामांनी घेतली. एक स्वतःसाठी आणि एक, सोबत कोणी नसतानाही, केवळ तो एकटे देईना म्हणून. दाराशी डोअरकीपरने तिकिटे उजेडात धरली आणि परत दिली. ती त्याच दिवशीच्या दुपारच्या प्रयोगाची होती. शिक्का खरा होता, प्रयोग होऊन गेलेला. मामांनी ती रात्र पुणे स्थानकाच्या फलाटावर काढली आणि पहाटेच्या गाडीने घरी आले. आजीने विचारले, "कसं झालं नाटक?" बाहेर चार आण्यांना घेतलेली पदांची पुस्तिका त्यांच्याजवळ होती. तिच्यावरून त्यांनी सबंध नाटक तिला सांगितले, दोन पदे म्हणूनही दाखवली. खरा प्रकार आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळला. त्या मुलाविषयी मामा कधी वाईट बोलले नाहीत. "खिडकी माझ्यासाठी थोडीच उघडी होती," एवढेच ते म्हणत.

त्या मुलाविषयी आपल्या साहित्याने आणि चित्रपटाने सहानुभूतीच दाखवली आहे. विजय आनंदच्या 'काला बाजार' (१९६०) या चित्रपटाचा नायक सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकणारा आहे, आणि देव आनंदने तो केल्यामुळे त्या धंद्याला एक मोहक चेहरा मिळाला. त्या चित्रपटात 'मदर इंडिया'च्या लिबर्टी थिएटरातल्या खऱ्याखुऱ्या पहिल्या खेळाची दृश्ये वापरली आहेत. आत नटनट्यांची वर्दळ आणि बाहेर तिकिटांचा धंदा. फुटपाथवरच्या या विक्रेत्याचे भांडवल म्हणजे रांगेत उभे राहण्याचा वेळ. गरिबाजवळ तेवढेच असते. लांबून आलेल्या प्रेक्षकाजवळ नेमके तेच नसते. दोघांचा सौदा अप्रामाणिक असला तरी अनाकलनीय नव्हता, आणि विकणाऱ्याचा चेहरा निदान दिसत होता.

गाण्याच्या बाबतीत पुण्याने काही काळ या प्रश्नाला एक सुंदर उत्तर दिले होते. १९५३ मध्ये भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक वर्षे रमणबागेच्या मैदानावर भरत असे. खुर्च्या आणि सोफे महाग, पण भारतीय बैठकीचे तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यातले, आणि मैदान एवढे मोठे की आणखी चार माणसे सतरंजीच्या कडेला सरकून बसत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेवटची रात्र उजाडेपर्यंत चाले. बाहेरगावच्या श्रोत्याला लॉजची गरज नसे. भैरवी ऐकून तो स्थानकावर जाई आणि सकाळची गाडी पकडी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, पुढे न्यायालयांनी ते कसोशीने लागू केले आणि रात्र संपली. नियम योग्य आहेत, दवाखान्याशेजारी राहिलेल्या कोणालाही ते पटतील. जत्रेतल्या तमाशालाही त्यांनीच रात्री दहाची वेस घातली. परंतु रात्रभराची मैफल ही लांबून येणाऱ्याची सोय होती, ही बाजू त्या चर्चेत आम्ही कोठे वाचली नाही.

आता अलीकडची घटना. इंग्लंडच्या 'कोल्डप्ले' या वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ च्या १८, १९ आणि २१ तारखांना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता 'बुकमायशो'वर सुरू झाली. दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. वाङ्मयाच्या वर्गात पाश्चात्त्य संगीताचे नाव काढल्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्या सहकाऱ्यांना एवढेच सांगतो, की त्या दुपारी रांगेत आमचे विद्यार्थी होते आणि त्यांतले कित्येक दौंड, शिरूर, बारामतीकडचे होते. ही रांग प्रथमच कोठूनही लावता येत होती. खिडकीपासूनचे अंतर शून्य झाले होते. खुटबावचा मुलगा आणि मलबार हिलचा मुलगा, दोघांच्या पडद्यावर एकच चक्र फिरत होते. आणि मग पडद्यावर आकडा उमटला. कोणाच्या पुढे लाखो माणसे, कोणाच्या पुढे त्याहून अधिक. काही वेळातच विक्री आटोपली. पाठोपाठ तीच तिकिटे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरातल्या किमतींना झळकू लागली. त्यांतली काही तर विकणाऱ्याच्या हाती नसलेली, केवळ मिळतील या भरवशावर मांडलेली. अधिकृत विक्रेत्याने पोलिसांकडे तक्रार केली, आर्थिक गुन्हे शाखेने त्याच विक्रेत्याच्या अधिकाऱ्यांना चौकशीला बोलावले आणि ऑक्टोबरात सक्तवसुली संचालनालयाने पाच राज्यांत छापे घातले.

या प्रकरणी झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. असा कायदा करावा की नाही हा विधिमंडळाच्या अखत्यारीतला प्रश्न आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. न्यायालयाने आपली मर्यादा ओळखली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या मनात खुटबावचे ते दुसरे तिकीट पुन्हा उभे राहिले. पंधरा-वीस रुपयांच्या लोकलच्या तिकिटाचा बेकायदा धंदा केला तर तुरुंग; पस्तीस हजारांच्या तिकिटाचा केला तर कोणते कलम लावावे याचा शोध घ्यावा लागतो. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात गाणे बसत नाही, आणि ते बसावे असे कोणी म्हणणारही नाही. आयर्लंडने २०२१ मध्ये मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांची मूळ किमतीच्या वर पुनर्विक्री कायद्याने बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनेही तसाच मनोदय जाहीर केला. आपल्याकडे विधिमंडळाने हा विषय हाती घ्यावा असे आम्हांला वाटते. मात्र मूळ किंमत ही पवित्र मानून तो घेऊ नये.

कारण अधिकृत किंमत म्हणजे तरी काय, हे आता तितकेसे स्पष्ट राहिलेले नाही. तिकिटाच्या दरावर विक्रेता सुविधा शुल्क लावतो. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ च्या आदेशांनी सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर असे शुल्क घेण्यास मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे रद्द ठरवले. सुविधा कोणाची, हा प्रश्न राहतोच. शहरातल्या प्रेक्षकाचा रिक्षाचा खर्च वाचतो, खुटबावच्या प्रेक्षकाची एक अख्खी फेरी वाचते. म्हणजे हे शुल्क लांबच्या माणसाला अधिक परवडते, ही गंमत आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पुनर्विक्रीचीही एक साधी, निरुपद्रवी बाजू आहे. उसाला पाणी सोडायची पाळी अचानक आली, घरात कोणी आजारी पडले, तर काढलेले तिकीट कोणाला तरी देता आले पाहिजे. मूळ दराने, अधिकृत विक्रेत्याच्याच देखरेखीखाली ते परत घेतले जावे, अशी सोय असेल तर प्रेक्षकाला परक्या बाजारात जावे लागणार नाही. नाव छापलेले, हस्तांतर न होणारे तिकीट काळा बाजार रोखते खरे. पण त्या बिचाऱ्याचे पैसेही बुडवते.

मामांच्या हातातल्या तिकिटावर शिक्का होता आणि ते निरुपयोगी होते. आजच्या विद्यार्थ्याच्या हातात शिक्का नाही, खिडकी नाही, टपरीजवळचा मुलगाही नाही. दोन संकेतस्थळे आहेत, दोन्हींवर तोच आसनांचा तक्ता, तीच रंगसंगती, पैसे भरण्याची तीच रीत. अधिकृत कोणते हे ओळखण्यासाठी त्याला आयोजकाच्या निवेदनापर्यंत मागे जावे लागते, आणि ते कसे जावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी बसलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने त्या दुपारी दोन तास दिले. तिच्यापुढचा आकडा हळूहळू घटत गेला आणि तो शून्यावर यायच्या आत विक्री संपली. तिच्या मैत्रिणीने पुनर्विक्रीच्या एका स्थळाचा दुवा पाठवला, तो तिने उघडून पाहिला आणि मिटवला. तिच्या गावची जत्रा चैत्रात होती. वर्गणीची पावती घरी आलेली होती, आणि यंदा कोणता फड ठरला हे ती वडिलांना फोनवर विचारीत होती.